नावापाशी एक मात्रा

अंधेरीच्या त्या स्टुडिओत माइक एकच होता. देवळातल्या घंटेसारखा तो तुळईवरून लोंबायचा आणि त्याच्याभोवती वाजवणाऱ्यांची पंगत बसायची. हळू बोलणारं वाद्य जवळ, ओरडणारं लांब. बासरी माइकच्या अगदी मांडीशी, डफ पार दारापाशी. कोण किती लांब बसला म्हणजे सगळ्यांचं मिळून एक गाणं होतं, हे जुळवण्यातच सकाळ सरे. एकदा जुळलं की जमिनीवर खडूनं गोल काढायचे आणि आत लिहायचं: ढोलकी, डफ, सारंगी. जेवून परत आलं की ज्यानं त्यानं आपापल्या गोलात बसावं.

लवू केरकर संगीतकार झाला त्या दिवसापासून त्याच्या गोलांत वाद्यांची नावं गेली आणि माणसांची आली. धोंडू. बोनिफास. श्यामसुंदर. संध्याकाळी केरसुणी फिरे आणि सगळी नावं सुपात जात. दुसऱ्या दिवशी लवू उकिडवा बसून पुन्हा लिही.

"रोज कशाला रे हा उद्योग?" बोनिफास विचारी. तो बार्देशातल्या म्हापशाचा, आता मरोळला राहणारा व्हायोलिनवाला. "मी काय हरवणार आहे?"

"तू नाही हरवणार. नाव हरवतं."

लवू कुडाळकडचा. बाप दशावतारात मृदंग वाजवायचा. लवूनं पायपेटी उचलून मुंबई गाठली, आणि पुढची कितीतरी वर्षं अशाच एका गोलात बसून काढली. त्या गोलात 'पेटी' असं लिहिलेलं असे. "ए पेटी, जरा मागे सर," असं कोणी म्हणालं की तो मागे सरायचा. मग एका चित्रपटाचा संगीतकार तापानं झोपला, लवूनं दोन चाली करून दिल्या, आणि त्या चाली पायाला चाकं लावल्यासारख्या मुंबईभर फिरल्या. आता, चोपन्न साली, घाटकोपरात वरात निघाली आणि बँडनं लवूची चाल वाजवली नाही तर नवऱ्यामुलाचे मामा रुसत.

पण त्या गोलातून तो उठला तरी गोल त्याच्या मनातून उठला नाही. त्यानं वाजवणाऱ्यांचं एक मंडळ उभं केलं. घाटकोपरच्या एका शाळेत, मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठमोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. तिथं लवू म्हणाला, "पुढच्या पिक्चरच्या टायटलमध्ये आपली नावं येतील. प्रत्येकाचं. हा माझा शब्द."

पुढचा पिक्चर होता भाऊ रेग्यांचा.

भाऊ पूर्वी नाटक कंपनीचे व्यवस्थापक होते. आता स्टुडिओ त्यांचा आणि चित्रपटही त्यांचेच. बोलणं सुपारीसारखं, चावायला कठीण, पण दिलेला शब्द भाऊ फिरवत नाहीत, ही त्यांची ख्याती. चित्रपट पेशवाईतल्या एका शाहिराचा होता, आणि त्याचा जीव होता शेवटच्या पोवाड्यात. लवूला असं काम आजवर मिळालं नव्हतं.

"टायटलमध्ये वाजवणाऱ्यांची नावं घालायची, भाऊ," लवू म्हणाला.

"आहेत की. 'मयूरध्वज वाद्यवृंद.'"

"ते तुमच्या स्टुडिओचं नाव झालं."

"मग स्टुडिओ कोणाचा?"

"तुमचा. पण ढोलकी धोंडूदाची आहे. बोटंही त्याचीच."

भाऊ पानाला चुना लावत होते. "लवू, आज ढोलकीवाला आला, उद्या सुतार येईल, परवा घोडा येईल. या पिक्चरमध्ये घोडे किती आहेत, ठाऊक आहे ना तुला?"

"घोड्याला वाचता येत नाही, भाऊ."

"तुझ्या धोंडूला येतं?"

धोंडूला खरंच येत नव्हतं.

भाऊंनी पान तोंडात टाकलं. "तू चांगला आहेस म्हणून सांगतो. पुण्यात एक संगीतकार माझ्या बोलावण्याची वाट बघत बसलाय. पडद्यावर एक अक्षर वाढणार नाही. पडदा माझा, गाणं तुझं. तुझ्या गाण्यात मी बोट घालत नाही, माझ्या पडद्यात तू घालू नकोस. जमलं तर सांग, नाही तर तसं सांग."

"सांगतो," म्हणून लवू उठला.

त्या संध्याकाळी पोवाड्याची तालीम लवूच्या घाटकोपरच्या खोलीवर झाली. बाकीचे गेले, धोंडू जेवायला थांबला. धोंडू गुरव खारेपाटणचा. आधी गिरणीत होता. साच्याच्या खडखडाटात बोटांनी मांडीवर ताल धरायचा, म्हणून जोडीदारांनीच त्याला ढोलकी आणून दिली. आता त्याची बोटं सकाळी सुजलेली असत. हा चित्रपट झाला की गावी जायचं, हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

"भाऊ नाही म्हणतात," लवू म्हणाला. "मी काम सोडतो, धोंडूदा. शब्द दिलाय मंडळाला."

"सोडू नको," धोंडू भात कालवत म्हणाला. "पडद्यावरच्या पाटयेर लिवन तरी काय होताला? ऐक. गेल्या शिमग्याक गावात तंबूतलो शिनेमा इल्लो. आपणच वाजवलेलो. जयंतीची आय बघूक गेली, जयंतीच्या सासरची पण सगळी गेली. पाटी इली की ही शेजारणीक इचारता, 'इला काय गो नाव?' ती म्हणता, 'नाय.' दुसरी पाटी. 'इला?' 'नाय गो बाय.' शेवटाक शिनेमा सुरू झालो तरी ही इचारताच आसा." तो हसला. जयंती त्याची मुलगी. "व्याही म्हणता, धोंडू मुंबैत ढोलकी वाजवता की ढोलकी उचलता, देवाक ठाऊक."

लवू हसला नाही.

"आणि समज लिवलंस. तरी जयंतीची आय वाचतली काय? शेजारणीन सांगूचा आणि हिणा इश्वास ठेवूचो. तिका डोळ्यांनी अक्षर दिसणा नाय, लवू. तिका कानान दिसता."

धोंडू हात धुवायला मोरीकडे गेला. लवूची बायको कुंदा ताटं उचलत होती. ती सहज म्हणाली, "मग कानात घाला की तिच्या. गाणी करता ना तुम्ही?"

लवूनं तिच्याकडे पाहिलं.

गावाकडे शाहीर गाणं संपवताना काय करतो? देवाला नमन सुरुवातीला, आणि माणसांना शेवटी. शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव घालतो, गुरूचं घालतो, गावाचं घालतो, आणि ढोलकीवर कोण आहे, तुणतुणं कोणाच्या हाती आहे, तेही गातो. रिवाजच आहे तो. जातं ओढणारी बाई ओवीत भावाचं नाव गुंफते तसा. दाणा पिठात गेला की परत वेचता येत नाही. आणि हा पोवाडाही शाहिराचाच होता. पडदा माझा, गाणं तुझं.

"कुंदा," लवू म्हणाला, "भात उरलाय का?"

"दोनदा वाढून घेतलात."

"तिसऱ्यांदा वाढ."

दुसऱ्या दिवशी त्यानं भाऊंना सांगितलं, जमलं. "पडदा तुमचा, गाणं माझं. ठरलं?"

"ठरलं," भाऊ म्हणाले आणि त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. इतक्या लवकर नमणारा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता.

शेवटचं कडवं लवूनं स्वतः लिहिलं आणि कोणालाही दाखवलं नाही. पोवाडा तो स्वतःच गाणार होता. तालमीत तो म्हणायचा, "शेवटचं कडवं याच चालीवर. शब्द अजून व्हायचेत. तुम्ही वाजवत राहा, मी गाईन." नावं ऐकून वाजवणाऱ्यांचे चेहरे कसे होतात, हे त्याला गाताना बघायचं होतं. सगळं योजून ठेवलं होतं त्यानं. नाव ऐकल्यावर हातांचं काय होतं, तेवढंच योजायचं राहिलं.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी लवूनं खडूनं गोल काढले, नावं लिहिली. धोंडू गोणपाटावर बसला, बोनिफास त्याच्या डाव्या हाताला, श्यामसुंदर डफ घेऊन दारापाशी. मागे झील धरणारी चौघं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक नंदकिशोर आणि त्याच्या शेजारी भाऊ. सांताक्रूझहून उडालेलं एक विमान छपरावरून गेलं. सगळ्यांनी वर पाहिलं आणि ते मरोळच्या पलीकडे विरेपर्यंत वाट पाहिली. मग नंदकिशोरनं हात खाली केला.

पोवाडा सुरू झाला. घोडी उधळली, बुरूज ढासळले, रात्र पडली, मशाली पेटल्या, आणि हे सगळं त्या पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी. लवूचा आवाज तापलेल्या तव्यासारखा होता; शब्द पडला की चर्र व्हायचा. शेवटचं कडवं आलं.

ढोलकीला बोलवितो धोंडू खारेपाटणवाला,
त्याची थाप ऐकायाला डोंगर दारी आला...

आणि ढोलकी थांबली.

धोंडूचा उजवा हात पुडीवरून उठला आणि कपाळाला लागला. शाहिरानं नाव घेतलं की हात कपाळाशी न्यायचा. गावात शाहिरामागं वाजवणाऱ्या आज्यानं तसंच केलं होतं, बापानं तसंच केलं होतं. भानावर येऊन त्यानं हात खाली आणला, पण एक मात्रा निघून गेली होती. बासरी बावरली, डफानं तोल सावरला. लवू गातच राहिला.

बोनिफास ओढी गज, जशी वेळूतून वाट,
बार्देशीच्या तारेवरही चढे सह्याद्रीचा घाट...

बोनिफासनं गज उचलला आणि क्रूस केला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. एवढ्यात तीन मात्रा गेल्या. श्यामसुंदरचं नाव येईतो श्यामसुंदर डफ विसरून रडायलाच लागला होता. पुढं सारंगी, बासरी, झीलकरी, जो तो आपल्या नावाशी अडखळला. भरल्या गाडीचे बैल ओळखीचं दार दिसलं की थबकतात, तसं झालं.

काचेमागचं दार उघडलं. भाऊ बाहेर आले.

"बोनिफास?" ते म्हणाले. "पेशवाईत? शाहिराच्या तोंडी?"

"पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज फिरंगी होते, भाऊ. एक व्हायोलिनवाला जड होतो?"

"मस्करी नको. तू मला फसवलंस."

"पडदा तुमचा, गाणं माझं. मी पडद्याला हात लावलाय?"

भाऊंचा जबडा हलत होता, पान नसताना. मग ते म्हणाले, "शब्द दिलाय मी. तो मागे घेत नाही. नाव घे, नाहीतर वंशावळ गा. पण आवाज उतरतो ती फिल्म माझी आहे, आणि कच्ची फिल्म मिळवायला मला किती दारं झिजवावी लागतात ते मलाच माहीत. आणखी एक टेक देतो. एकच. त्यात कोणाचा हात थांबला, तर शेवटचं कडवं कापतो. बाकीचा पोवाडा झालाय झकास, तेवढा वापरतो. हे कबूल?"

"कबूल," लवू म्हणाला.

भाऊ आत गेले. धोंडूनं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

"लवू, माका जमाचा नाय," तो हळूच म्हणाला. "नाव इला की हात आपसूक वर जाता. मी धरून ठेवीन म्हटलंय तरी तो माझो ऱ्हवणा नाय. तू माझा नाव काढ. बाकीच्यांची ऱ्हवांदे."

"आणि जयंतीच्या आईला काय सांगणार?"

ढोलकीच्या पुडीवर सांडलेला घाम धोंडू धोतराच्या सोग्यानं टिपत राहिला.

लवू त्याच्या गोलाशेजारी मांडी घालून बसला. आपण फसलो असं त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हतं. उलट नव्या चालीचं तोंड सापडावं तसे त्याचे डोळे झाले होते.

"धोंडूदा, हात वर जातो ना? जाऊ दे. मुद्दाम ने. बोनिफास, इकडं ये. धोंडूदाचं नाव आलं की ढोलकी थांबणार. त्या वेळी तू गज सोड आणि बोटानं तार छेड. ढोलकीच्याच बोलावर. धोंडूदाचं तू वाजवायचं."

"व्हायोलिनवर ढोलकी?" बोनिफास म्हणाला. "माझे मास्तर थडग्यातून उठतील."

"उठू देत, त्यांचंही नाव घालतो. आणि तुझं नाव आलं की तू क्रूस कर, सावकाश कर. तेवढा वेळ धोंडूदा अंगठ्यानं पुडी घासून घुमारा काढील, गजासारखा लांब. श्यामसुंदर, तुझं नाव आलं की झीलवाले टाळ्यांनी डफ धरतील. तू रड हवं तर."

"मी रडलो नाही," श्यामसुंदर म्हणाला. "नाक चोंदलंय."

"बरं, नाक चोंदव. ज्याचं नाव, त्यानं नमस्कार करायचा. त्याचं वाजवणं शेजाऱ्यानं उचलायचं. कळलं?"

सगळ्यांना कळलं. शाळेच्या बुटक्या बाकांवर लवूनं मंडळ म्हणजे काय ते तासभर सांगितलं होतं, तेव्हा अर्ध्यांना जांभया आल्या होत्या. आता कोणी जांभई दिली नाही. बोनिफासनं पेन्सिलीनं आपल्या स्वरलिपीच्या कागदावर खूण केली. धोंडूनं ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली आणि अंगठा ओला करून पुडीवर एकदा घासून पाहिला. पारव्यासारखा आवाज आला.

तालीम करायला वेळ नव्हता. नंदकिशोरनं काचेमागून हात वर केला, मग खाली.

पुन्हा घोडी, पुन्हा बुरूज, पुन्हा मशाली. शेवटचं कडवं. लवूनं धोंडूचं नाव घेतलं. ढोलकी थांबली, हात कपाळाला गेला, आणि त्या रिकाम्या जागेत व्हायोलिनची तार टिपक्यांसारखी पडली. धोंडूचेच बोल, पण दुसऱ्याच्या बोटांतून. धोंडूनं मान वळवून बोनिफासकडे पाहिलं. मग बोनिफासचं नाव आलं; त्यानं डोळे मिटून क्रूस केला, आणि ढोलकी घुमली, अशी लांब की जणू लाकूड आणि कातडं नसून नदीच. मग टाळ्यांचा डफ. मग सारंगीच्या जागी बासरी, बासरीच्या जागी सारंगी. नावामागून नाव, आणि कुठंही चिऱ्याला भेग नाही. शेवटची "जी जी" छपराला लागून खाली आली आणि शांत झाली.

सगळे काचेकडे बघत राहिले.

भाऊ दारात आले. लवूकडे न बघता ते म्हणाले, "नंदकिशोर विचारतोय, त्यानं काय घोडं मारलंय? त्याचं नाव कुठाय?"

पहिला हसला तो धोंडू.

"आणि तुझं रे?" भाऊ म्हणाले. "शाहीर स्वतःचं नाव घालतो ना शेवटी?"

"माझं पडद्यावर आहे की, भाऊ."

"हां," भाऊ म्हणाले. "पडदा माझा." आणि पानाची चंची शोधत निघून गेले. शेवटचं कडवं कापलं गेलं नाही.

चित्रपट लागला. पोवाडा गाजणार याची लवूला खात्री होती, आणि तो गाजला. पण पुढं झालं ते त्यानंही योजलं नव्हतं. घाटकोपरचे, मुलुंडचे, बोरिवलीचे बँडवाले तो पोवाडा वरातीत वाजवू लागले, आणि शेवटच्या कडव्याला एक जण कर्णा तोंडाला लावून त्या जागी आपल्याच माणसांची नावं घालू लागला. ताशावर अमुक, सनईवर तमुक. वरात थांबून ऐके. मंडळाच्या पुढच्या बैठकीला शाळेची बाकं पुरली नाहीत. बँडवाले लाल डगले घालून व्हरांड्यात उभे होते. लवूनं बैठकीत जाहीर केलं की आता पडद्यावरची अक्षरंही मिळवायची, कारण सगळ्यांचा पिक्चर काही शाहिराचा नसतो. ते काम तो पुढं वर्षानुवर्षं करत राहिला, आणि एकेक निर्माता पान चावता चावता नमत गेला.

धोंडू मात्र आधीच गावी गेला होता. शिमगा उलटल्यावर तो घाटकोपरला आला, कोकमाची पुरचुंडी घेऊन. कुंदानं ती उघडून वास घेतला आणि चहा टाकला.

"तंबू आला होता का?" लवूनं विचारलं.

"इल्लो."

"मग?"

"मग काय." धोंडूनं बशीत चहा ओतला. "पाटये इले, ही गप. शेजारीण म्हणता, 'नाय गो, आवंदाव नाय.' व्याही खाकरलो. आणि शेवटाक तू गायलंस."

"हं."

"सगळो तंबू मागे वळलो माझ्याकडे बघूक. व्याही उठान उभो ऱ्हवलो. त्येका वाटला, मी थयच दिसतलंय, पडद्यात."

"आणि जयंतीची आई?"

"तिणा पदर फुडे वढल्यान. इतक्याच." धोंडूनं चहा फुंकला. "आता पाठ झाला तिका. दळताना म्हणता. अख्खो पोवाडो, घोडी-बिडी सगळा."

"नाव घेते तुमचं?" कुंदानं विचारलं.

धोंडू तिच्याकडे असा बघत राहिला, जसं तिनं काही भलतंच विचारलं. "बाय माझे, न्हवऱ्याचा नाव बायल घेता काय? नावाकडे इली की गप ऱ्हवता. हाताखालचा जाता फिरत ऱ्हवता, ही गप. एक मात्रा. मगे फुडे म्हणता."

लवूनं कप खाली ठेवला. पाटावर बोटांनी ताल धरला आणि तो हलक्या आवाजात गाऊ लागला, जात्यावरच्या बाईच्या गतीनं:

"ढोलकीला बोलवितो..."

नावापाशी तो थांबला. बोटंही थांबली. कुंदानं स्टोव्ह बंद केला. त्या एका मात्रेत खोलीत काहीच वाजत नव्हतं, आणि कोणी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

धोंडूचा हात उठला आणि कपाळाला लागला.